दोन ठिपके

"भरलेली लाइन रिकामी करायची?" नानांनी विचारलं. "आणि तीही हवा मारून?"

"हो."

"सगळी?"

"थेंब न ठेवता."

नानांनी चहाचा कप ओट्यावर ठेवला आणि खिडकीतून मागच्या हिरवळीकडे पाहिलं. "मनमाडला एकदा माझ्या लाइनीत हवा शिरली होती," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी बायका रिकामे हंडे घेऊन दारात. तुझी सासू मागच्या दारानं निघून शेजारी जाऊन बसली. आणि इथं माझी सून हौसेनं हवा भरतेय."

नाना माझे सासरे. एकतीस वर्षं ते मनमाडला पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. कोणत्या गल्लीला कधी पाणी सोडायचं आणि कधी तोडायचं, हे त्यांच्या हातातली लांब लोखंडी चावी ठरवायची. सायकलच्या दांडीला बांधलेली ती चावी दिसली की गल्लीतली पोरं पळत घरी सांगायला जायची.

याला आता तेरा वर्षं झाली. त्या वर्षी मे महिन्यात माझा नवरा दिनेश गेला. बेचाळीस वर्षांचा होता. जूनमध्ये नाना एकटेच इकडे कोलोरॅडोला आले. सासूबाईंचे गुडघे एवढ्या प्रवासाला तयार नव्हते. मला आणि आठ वर्षांच्या मुक्ताला परत न्यायला आलोय, हे त्यांनी विमानतळावरच सांगितलं. मी 'बघू' म्हणाले. ऑक्टोबर संपत आला तरी मी 'बघू'च म्हणत होते. फ्रिजवर चुंबकाखाली तिकिटांचा कागद होता. त्यावर तीन नावं, बारा नोव्हेंबर ही तारीख, आणि खाली नानांच्या अक्षरात, 'सोमवारपर्यंत कळवणे.' तो दिवस शनिवार होता.

मला जायचं नव्हतं. नोकरी, मुक्ताची शाळा, ही कारणं सांगता आली असती. पण ती सांगितली की नाना म्हणायचे, नोकऱ्या नाशिकलाही आहेत आणि शाळा तर गल्लोगल्ली आहेत. खरं कारण असं होतं की हे घर आम्ही दोघांनी घेतलं होतं आणि ते मला एकटीला चालवता येतं की नाही, हे मला अजून माहीत नव्हतं. करून न बघताच सोडून जाणं मला पटत नव्हतं. पण ज्याचा मुलगा गेला, त्याला नातही देत नाही, हे तोंडावर कसं सांगायचं? ते वाक्य मला चार महिने सापडलं नव्हतं.

नानांचं वाक्य मात्र तयार होतं. "हिवाळा तुला एकटीला झेपणार नाही." ते हे रागानं म्हणत नसत. जिना उतरताना 'जपून' म्हणतात, तसं म्हणायचे.

आणि त्या शनिवारी हिवाळा तीन आठवडे आधीच येऊन ठेपला होता. रात्री उणे अकरा होणार होतं. आमच्या हिरवळीखाली पाण्याच्या नळ्यांचं जाळं होतं, फवारे लावलेलं, चार भागांत वाटलेलं. त्यात पाणी राहिलं असतं तर रात्रीत गोठून नळ्या फुटल्या असत्या. दरवर्षी ते काम दिनेश करायचा. मी आतून हात हलवायची आणि तो फवाऱ्यांमधून उडणाऱ्या धुक्यात उभा राहून मला हात हलवायचा. त्यापलीकडे मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ज्यांचा हा धंदा आहे त्या तिघांना मी फोन केले. तिघांनीही पुढचा गुरुवार सांगितला.

"बघ," नाना म्हणाले. "इथं साधी चावी बंद करायला माणूस मिळत नाही."

"माणूस कशाला हवा? मी आहे."

मी तापमापक तपासून देणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. रोज सकाळी काचेच्या भांड्यात बर्फाचा चुरा आणि शुद्ध पाणी घालून मी शून्य अंश तयार करते, आणि मग इतरांचे तापमापक त्या शून्याशी लावून बघते. पाणी गोठताना काय करतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. नळ्या कुठून कुठे जातात, एवढंच शोधायचं होतं.

शेजारच्या गॅरीनं आपला हवेचा पंप ढकलत आणून दिला. गॅरी सत्तरीचा, कमी बोलणारा. "दाब पन्नासच्या वर नेऊ नकोस," तो म्हणाला, "आणि एका भागाला दोन मिनिटांपेक्षा जास्त हवा देऊ नकोस, नाहीतर फवारे तापून वितळतात." नाना त्याच्याकडे बघून हसले. गॅरीही हसला. चार महिने त्या दोघांचं एवढंच संभाषण होतं आणि ते उत्तम चाललं होतं.

मुक्ता मैत्रिणीकडे वाढदिवसाला गेली होती. मी तळघरात उतरून बागेकडे जाणारं पाणी तोडलं आणि बाहेर आले. मागच्या भिंतीलगत जमिनीतून एक तांब्याचा नळ गुडघाभर वर यायचा, वर एका पितळी जोडणीतून वळायचा आणि पुन्हा जमिनीत जायचा. त्या जोडणीवर दोन चाव्या होत्या, प्रत्येकीला बोटभर लांबीची दांडी. नाना उकिडवे बसून ते बघत होते.

"हे कशाला?"

"बागेतलं घाण पाणी उलटं फिरून घरातल्या पिण्याच्या पाण्यात येऊ नये म्हणून."

"असं?" त्यांनी पितळेवरून अंगठा फिरवला. "ही अक्कल आमच्याकडे प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी हवी होती. निम्मी कावीळ टळली असती."

दोन्ही दांड्यांच्या बाजूला पितळेवर एकेक लाल ठिपका होता, टिकलीएवढा. मी तो पाहिला, काहीतरी सांडलं असेल असं वाटलं, आणि कामाला लागले.

पहिला भाग सुरळीत झाला. मी पंपाची नळी जोडणीच्या पुढच्या तोटीला लावली, एकेका भागाचा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या गॅरेजमधल्या विजेच्या खोक्यावर पहिला भाग सुरू केला आणि हवा सोडली. लांब कुंपणापाशी फवारे जमिनीतून उठले, पाणी फेकू लागले, मग थुंकू लागले, मग नुसतं धुकं आलं. मी घड्याळ बघून हवा तोडली. पंपाची टाकी भरेपर्यंत थांबले. दुसरा भाग. तिसरा. चौथा. प्रत्येक भागाची वेळ आणि दाब मी वहीत लिहीत होते. नाना हात मागे बांधून माझ्यामागून चालत होते, आणि प्रत्येक वेळी पाणी उडालं की तोंडानं 'च्च' असा आवाज करत होते.

"झालं," मी म्हणाले.

"नाही झालं."

"धुकंच येतंय, नाना."

"फवाऱ्यातून धुकं येतंय. लाइनीत काय आहे?" त्यांनी दिनेशच्या पेटीतून एक लांब पाना काढला. हिरवळीत एका कोपऱ्यात हिरव्या झाकणाचा खड्डा होता, त्यात चारही भागांचे व्हॉल्व्ह. झाकण उघडून ते गुडघ्यांवर बसले, पान्याचं एक टोक तिसऱ्या व्हॉल्व्हवर टेकवलं आणि दुसरं कानाला लावलं. "सोड हवा."

मी सोडली.

नानांनी डोळे मिटले होते. मनमाडच्या रस्त्यांखाली कुठे पाणी पोचलंय आणि कुठे चोरून ओढलं जातंय, हे ते असंच ऐकायचे, हे दिनेशनं मला सांगितलं होतं. मी ते प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं.

"गुडगुडतंय," ते म्हणाले. "कुठेतरी खोलगट आहे. हवा पाण्यावरून निघून जातेय, पाणी खालीच बसलंय."

मी वाकून पान्याला कान लावला. मला पंपाची घरघर तेवढी ऐकू आली. पण ते बरोबर बोलत होते हे मला पटलं, कारण नळी खोलगट असेल तर तसंच होणार. "मग थोडा वेळ थांबू," मी म्हणाले. "पाणी खाली जमू दे. एकदम जोरात सोडण्यापेक्षा थांबून थांबून तीनदा सोडू."

तीनदा सोडली. तिसऱ्या वेळी कुंपणापाशी एक फवारा खोकला, आणि त्यातून जवळजवळ बादलीभर पाणी आलं. नंतर बराच वेळ नुसती कोरडी हवा येत राहिली. नानांनी पुन्हा पाना लावला.

"आता वाजतेय शंखासारखी," ते म्हणाले.

मी पंप बंद केला, नळी काढली आणि जोडणीवरच्या दोन्ही दांड्या आडव्या केल्या. आडवी म्हणजे बंद. नानांनी दोन्ही दांड्यांना हात लावून पाहिला.

"घट्ट आहेत," ते म्हणाले. "शाबास. व्हॉल्व्ह अर्धवट ठेवणारा माणूस मी खात्यात ठेवून घेतला नसता."

दोन वाजले होते. मी आत जाऊन पिठलं टाकलं. मला फार बरं वाटत होतं. वहीत चार भागांच्या चार ओळी होत्या, तिसऱ्यापुढे तीन नोंदी. मला यायचं नाही, हे जेवताना नानांना सांगून टाकावं असं मी ठरवलं. पण जेवताना ते म्हणाले, "आज केलंस, छान केलंस. पण आज मी होतो." आणि माझं वाक्य पुन्हा गेलं.

जेवण झाल्यावर त्यांनी ओट्यावरच्या बरणीतून मूठभर चिंच घेतली आणि घासणी घेऊन बाहेर गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ते दिसत होते. ती पितळी जोडणी ते घासत होते, देवाची समई घासावी तशी, आधी चिंचेनं, मग पाण्यानं, मग बनियनच्या जुन्या फडक्यानं कोरडी करून. काळपट पितळ उजळत गेलं. मी त्यांना थांबवलं नाही. दिनेश जिथे जिथे हात लावायचा, त्यातली एक वस्तू त्यांना घासायला सापडली होती.

साडेतीनला ते आत आले. हात लाल झाले होते. मी चहा ठेवला.

"पितळ असं काळं ठेवतात का," ते म्हणाले. "दिन्याचं काम लहानपणापासून गबाळं. रंग सांडून ठेवला होता त्यावर, लाल. निघता निघेना. शेवटी नखानं खरवडला."

"हो, सकाळी दिसला मला. दोन ठिकाणी होता."

"दोन्ही ठिकाणी एकसारखा. कुंकवाचं बोट लावल्यासारखा."

मी आलं किसत होते. हात थांबला. दिनेश गबाळा होताच, पण सांडलेला रंग दोन ठिकाणी एकसारखा सांडत नाही. आणि तो रंग आत्ता मला आठवला. घर घेतलं त्या वर्षी माझी नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली हरवली होती. मी ती दोन आठवडे शोधली होती आणि शेवटी माझ्या मावसबहिणीवर आळ घेतला होता, कारण ती नुकतीच येऊन गेली होती.

"नाना, ठिपका नेमका कुठे होता?"

"म्हणजे?"

"दांडीच्या कुठल्या बाजूला?"

नानांनी समोरची बशी उलटी केली आणि तिच्यावर चमचा ठेवला. "ही दांडी. अशी उभी, तर चावी उघडी." चमचा फिरवला. "अशी आडवी, तर बंद. बरोबर?"

"बरोबर."

"ठिपका इथं." त्यांनी बोट ठेवलं. उभ्याच्या आणि आडव्याच्या बरोबर मधोमध.

"दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे."

मी गॅस बंद केला. नानांनी आयुष्यभर फिरवलेले व्हॉल्व्ह वेगळे होते. त्यात एक जाड पाटी वर जाते आणि खाली येते. या चावीत पाटी नसते. आत एक पितळेचा गोळा असतो, आरपार भोक पाडलेला. भोक नळाच्या रेषेत आलं की पाणी वाहतं, आडवं झालं की थांबतं. आणि आडवं झालं त्या क्षणी भोकात जे पाणी असेल, ते दोन्ही बाजूंनी कोंडलं जातं. पंपाची हवा मी त्या चाव्यांच्या पुढून सोडली होती. चाव्यांच्या आत ती पोचलीच नव्हती. रोज सकाळी शून्य अंश तयार करणाऱ्या बाईनं नळ्या कोरड्या ठाक केल्या होत्या, आणि दोन मुठींत पाणी आवळून धरलं होतं.

हे मी नानांना बशी आणि चमच्यावरच सांगितलं. सांगून होईपर्यंत ते पायात चपला सरकवत होते.

बाहेर तापमान तीन अंशांवर आलं होतं आणि ऊन कुंपणावरून उतरत होतं. घासलेलं पितळ सोन्यासारखं चमकत होतं. मी पहिली दांडी धरली आणि अर्ध्यावर आणली. जोडणीच्या बाजूच्या बारीक तोटीतून पाणी आलं, थेंब थेंब, आणि थांबलं. दुसरी दांडी अर्ध्यावर आणली. पुन्हा तेवढंच.

"एवढंच?" नाना म्हणाले.

"दोन चमचे असेल."

"आणि तेवढ्यानं हे फुटलं असतं?"

"पाणी गोठताना अकराव्या हिश्शानं फुगतं. त्याला फुगायला जागाच नाही म्हटल्यावर ते पितळेचं ऐकत नाही. आता अर्ध्यावर ठेवलं की आत काही कोंडत नाही."

नानांनी खाली फरशीवरच्या ओल्या डागाकडे पाहिलं. मग दांड्यांकडे. त्यांचा हात आपोआप दांडी नीट करायला पुढे झाला आणि मधेच थांबला.

"एकतीस वर्षांत मी चावी कधी अर्धी सोडली नाही," ते म्हणाले.

"तिकडे सोडायचीच नसते."

"त्यानं खूण करून ठेवली होती." त्यांनी पितळेवर, जिथे ठिपका होता तिथे, अंगठा ठेवला. "आणि मी ती घासून काढली. चिंच लावून."

"तुम्ही घासली नसतीत तर मला कळलं नसतं, नाना. मी सकाळी बघून सोडून दिली होती."

त्यांचा अंगठा तिथेच होता. हवा झपाट्यानं गार होत होती. मी त्यांना आत चला म्हणणार होते.

"ती बाटली आण," ते म्हणाले.

"कुठली?"

"नखांच्या रंगाची."

"ती सहा वर्षांपूर्वी हरवली. आता कळलं कुणी नेली ते."

"दुसरी असेल."

माझ्याकडे दुसरी नव्हती. मी रंग लावणं केव्हाच सोडलं होतं. मुक्ताच्या फळीवर एक सापडली, जांभळी, आत चमकी घातलेली. तिची कंपासपेटीही मी उचलली, आणि येताना नानांचा चष्मा घेतला.

नाना फरशीवर मांडी घालून बसले. मी पेटीतला गुण्या काढला, पंचेचाळीस अंशांचा, आणि त्याची एक कड नळाला लावून धरली. तिरकी कड जिथे आली, तिथे त्यांनी बाटलीतल्या इवल्याशा ब्रशनं ठिपका ठेवला. हात जराही हलला नाही. मी गुण्या दुसऱ्या चावीला लावला.

"जरा डावीकडे," ते म्हणाले.

"बरोबर आहे."

"बघ नीट. तुझ्या त्या शून्यासारखं."

मी नीट पाहिलं. केसभर डावीकडे घ्यायला हवा होता. घेतला. त्यांनी दुसरा ठिपका ठेवला आणि दोन्हींवर फुंकर घातली, गरम दुधावर घालतात तशी.

"टिकेल का हे?"

"दिनेशचं सहा वर्षं टिकलं. तेही चिंचेनंच गेलं."

नाना हसले. चार महिन्यांत मी त्यांना असं आवाज करून हसताना ऐकलं नव्हतं. मग मी एका जुन्या चादरीच्या घड्या करून जोडणीला गुंडाळल्या आणि वरून दोरी बांधली. गाठ ओढून पाहायला नानांनी हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला.

आत आल्यावर ते फ्रिजपाशी थांबले. चुंबक बाजूला करून त्यांनी तो कागद काढला, हातात धरून वाचला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मनमाडला आता सकाळ झाली असेल ना?"

"साडेचार वाजले असतील."

"उठलेली असते ती."

त्यांनी फोन लावला. मी मघाचं किसलेलं आलं पातेल्यात घातलं आणि गॅस पेटवला. नाना नेहमी फोनवर मोठ्यानं बोलत, मधे समुद्र आहे हे लक्षात ठेवून. त्या दिवशी त्यांचा आवाज साधाच होता.

"मी बोलतोय... हो, जेवलो. पिठलं... ऐक. बारा तारखेचं तिकीट एकच करायला सांगतोय. एकच. माझं."

पलीकडून बराच वेळ सासूबाईंचा आवाज येत राहिला. शब्द मला कळत नव्हते. कागदाची नानांनी घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

"नाही, भांडण नाही," ते शेवटी म्हणाले. "झेपतंय तिला. मी बघितलं ना... उन्हाळ्यात शाळेला सुटी असते, तेव्हा येतील दोघी. मी शब्द घेतो तिच्याकडून." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "घेतला... रडू नको. ऐक तर."

चहा उकळला. मी दोन कप भरले आणि एक त्यांच्यापुढे ठेवला. सासूबाईंनी काहीतरी वेगळं विचारलं असावं, कारण नानांनी कान बदलला आणि डाव्या हाताचा अंगठा डोळ्यांसमोर धरला. त्यावर चमकीचा जांभळा डाग वाळला होता.

"दिवसभर? काम करत होतो गं. चाव्यांवर खुणा केल्या," ते म्हणाले. "पुढच्या वर्षीसाठी."